मुलांच्या गटाची वेबसाइट: काय टाकायचं, काय नाही आणि ते कोणी ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातला एक गट. नऊ ते सतरा वयाची मुलं, दर रविवारी मैदानावर भेट, वर्षातून काही गडमोहिमा, दिवाळीत आणि मे महिन्यात शिबिर. चालवणारे दादा-ताई सगळे स्वयंसेवक. आता वेबसाइट नव्याने करायची आहे. तिच्यावर मोहिमांचे फोटो, मुलांनी लिहिलेले अनुभव, शिबिराची नावनोंदणी आणि वाचकांच्या प्रतिक्रिया, हे सगळं हवं आहे. काही पालकांना फोटो मुळीच नको आहेत. काहींना वाटतं, मुलांचं कौतुक नावानिशी झालंच पाहिजे. मग सुरक्षिततेचं आणि मजकुराचं धोरण कसं लिहावं?

अशा गटांना धोरणं लिहून देणं आणि ती नंतर पाळली जातायत का ते बघणं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे. बहुतेक बैठकांमध्ये वाद एकाच प्रश्नावर अडकतो: "हा फोटो टाकायला काय हरकत आहे?" एकेका फोटोकडे, एकेका ओळीकडे सुटं बघितलं तर कशालाच हरकत दिसत नाही. धोका असतो तो या गोष्टी एकमेकींना जोडल्या जाण्यात.

गटांच्या साइटवर हमखास दिसणारी एक ओळ घ्या. "आपली सर्वांत छोटी मावळी, अमुक तमुक, इयत्ता पाचवी, अमुक शाळा, राजगडाच्या पद्मावती माचीवर!" वर हसऱ्या मुलीचा फोटो. बाजूच्या चौकटीत कायमची सूचना: "दर रविवारी सकाळी साडेसहा, अमुक मैदान." खालच्या फोटोत तिला शाबासकी देणारा दादा, त्याच्या नावासकट. यातलं काहीच गुपित नाही. पण एका अनोळखी माणसाला आता तिचा चेहरा, नाव, शाळा, रविवारी सकाळी ती कुठे असते हे सगळं माहीत झालं. शिवाय तिच्याशी बोलायला सुरुवात कशी करायची हेही त्याला मिळालं: "तू पद्मावती माचीवर होतीस ना? मी तुमच्या दादाचा मित्र." दहा वर्षांच्या मुलीला हा माणूस अनोळखी वाटणारच नाही. अनोळखी माणसाशी बोलू नको हे तिला घरी शिकवलेलं असतं, आणि तिच्या मते ती ते पाळतही असते.

म्हणून धोरणाचा पाया मी चार गोष्टींवर घालते: चेहरा, पूर्ण नाव, ठिकाण, वेळ. सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर ओळखू येणारा चेहरा आणि पूर्ण नाव एकत्र येणार नाहीत. मुलं पुढे कुठे आणि कधी असणार आहेत, हे तिथे कधीच येणार नाही. मोहिमेची बातमी मुलं घरी पोचल्यावरच जाईल, गडावरून थेट काही टाकलं जाणार नाही. शाळेचं नाव, तुकडी, सोसायटी, बसथांबा कुठेच नाही. एवढी चार वाक्यं धोरणात ठळक लिहा. त्यानंतर "हा फोटो टाकू का" या प्रश्नाचं उत्तर दरवेळी बैठक न घेता मिळतं.

मग कौतुकाचं काय? कौतुक हवंच, आणि त्या पालकांचं म्हणणं मला पटतं. दहा वर्षांच्या मुलाला आपलं नाव छापून आलेलं बघण्याचा आनंद मोठा असतो. तो आनंद जगजाहीर पानावरच मिळाला पाहिजे असं मात्र नाही. स्नेहसंमेलनाच्या छापील अंकात पूर्ण नाव आणि फोटो द्या, पालकांच्या पासवर्डच्या पानावर द्या. सार्वजनिक पानावर नाव द्यायचं तर पहिलं नाव द्या आणि शेजारी त्या मुलाचा फोटो नको. फोटो द्यायचा तर नाव नको. नाव खूपच वेगळं असेल तर नुसतं पहिलं नावही शोधायला पुरतं, तेव्हा त्या मुलाला टोपणनाव निवडू द्या. मुलं ती फार हौसेने निवडतात.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चुका इथेच सर्वांत जास्त होतात आणि त्या दिसत नाहीत. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ दडलेली असते, आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच राहते, आणि "क्वालिटी चांगली हवी" म्हणून वेबसाइटवाल्या दादाला फोटो नेमके डॉक्युमेंट म्हणूनच पाठवले जातात. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, आणि तळाशी "रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन". एवढं केलं की काम झालं. त्याहून सोपं म्हणजे मोहिमेला निघतानाच सगळ्या दादा-ताईंनी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करायचं. दुसरी दुर्लक्षित गोष्ट फाइलच्या नावाची. फोटोखाली नाव लिहिलं नाही म्हणून निर्धास्त राहायचं, आणि फाइलचं नाव मात्र मुलाच्या नाव-आडनाव-इयत्तेचं. शोधयंत्रं फाइलची नावंही वाचतात. तिसरी गोष्ट फोटोतच असते: गळ्यातलं ओळखपत्र, टी-शर्टच्या पाठीवर छापलेलं नाव, मागे उभ्या स्कूलबसवरची शाळेची पाटी. फोटो चढवण्याआधी तो मोठा करून कडेपासून कडेपर्यंत बघायची सवय लावा.

ओढ्यात डुंबणारी, कपडे बदलणारी, तंबूत झोपलेली, रडणारी, जखम झालेली मुलं: हे फोटो नकोत. गटाच्या मोबाइलवरही ठेवू नयेत. कड्याच्या टोकावर पाय सोडून बसलेल्या मुलाचा फोटो कितीही देखणा असला तरी नको, कारण तो बघून पुढच्या मोहिमेत दुसरा मुलगा तिथेच बसतो. साप हातात धरलेला फोटो नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहेच, शिवाय मुलांना त्यातून चुकीचा धडा मिळतो. आणि एक गोष्ट जी फार चांगल्या मनाने केली जाते: दिवाळीत बालगृहात फराळ वाटायला जायचं आणि तिथल्या मुलांसोबतचे फोटो टाकायचे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. आपल्या मुलांनी तयार केलेल्या फराळाच्या डब्यांचा फोटो टाका, बालगृहातल्या मुलांचा नको. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्याला दान मिळाल्याचा फोटो वर्षानुवर्षं नेटवर राहावा असं कोणत्या मुलाला वाटेल?

आता परवानगी. प्रवेश अर्जाच्या तळाशी "गटाला फोटो वापरण्याची परवानगी देत आहे" अशी एक ओळ आणि सही, हे पुरेसं नाही. वेगवेगळ्या वापरांसाठी वेगवेगळ्या चौकटी ठेवा: पालकांचं पान, सार्वजनिक वेबसाइट, इन्स्टाग्राम, छापील अंक, वर्तमानपत्रातली बातमी. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि सगळ्यांना नाही म्हटलं तरी मूल मोहिमेला येऊ शकेल हे त्याच कागदावर लिहिलेलं हवं. नाही म्हणणाऱ्या पालकांच्या मुलाला फोटोच्या वेळी "तू बाजूला हो" असं म्हटलं जाऊ नये. मोहिमेला निघण्याआधी फोटो काढणाऱ्या दोघांना ती नावं माहीत असावीत. फोटो सगळ्यांचा काढावा आणि साइटवर दुसरा, ते मूल नसलेला फोटो जावा. पालकांचा होकार असला तरी मुलाला स्वतः विचारा. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना आपले ठरावीक फोटो नको असतात आणि आईबाबांनी सही केली म्हणून त्या गप्प बसतात. दिलेली परवानगी कधीही मागे घेता येईल, आणि सांगितल्यावर ४८ तासांत फोटो निघेल, असं धोरणात लिहा. लिहिलंत की पाळा.

यामागचा कायदाही समजून घ्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे, आणि मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. अमेरिकेत यासाठीची वयोमर्यादा तेरा आहे. त्यामुळे परदेशी साइटवरून उतरवून घेतलेला धोरणाचा नमुना आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे. मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. एवढा आकडा ऐकून छोट्या गटांचे कार्यकर्ते घाबरतात, पण घाबरून साइट बंद करायची गरज नाही. तुमच्याकडे पालक दरवर्षी प्रत्यक्ष येतात, हा मोठ्या कंपन्यांकडे नसलेला फायदा आहे. पालकसभेत समोर सही घ्या, ओळखपत्र बघा आणि परत द्या. आधारच्या झेरॉक्स जमा करू नका. जी माहिती घेतलीच नाही ती गळूही शकत नाही. याच कायद्यात मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायला आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखवायला मनाई आहे, म्हणून साइटवर गूगलच्या जाहिराती किंवा फेसबुकचा पिक्सेल (साइटवर येणाऱ्यांचा माग ठेवणारा छोटा कोड) नको. किती लोक आले हे मोजायचा मोह सोडा. यूट्यूबवरचे व्हिडिओ "मुलांसाठी बनवलेला" या खुणेने चढवा. मग त्यांच्याखालच्या प्रतिक्रिया आपोआप बंद होतात.

नोंदणीचा अर्ज हा वेगळाच विषय आहे. गडमोहिमेच्या अर्जात रक्तगट, दमा आहे का, कोणती औषधं चालू आहेत, आईचा मोबाइल, शेजाऱ्यांचा मोबाइल, सगळं असतं आणि ते असायलाच हवं. पण ते फक्त मोहीमप्रमुख आणि प्रथमोपचार बघणारी व्यक्ती यांच्यासाठी. गूगल फॉर्म वापरत असाल तर "प्रतिसादांचा सारांश दाखवा" ही सोय बंद आहे ना ते बघा, नाहीतर अर्ज भरणाऱ्याला इतरांची उत्तरंही दिसू शकतात. उत्तरांची शीट "लिंक असलेल्या कोणालाही" अशी उघडी ठेवू नका. निवड झालेल्यांची यादी पीडीएफ करून साइटवर लावण्याची पद्धत मोडा. प्रत्येकाच्या पालकांना वेगळा संदेश पाठवा. मोहीम संपल्यावर महिन्याभरात वैद्यकीय माहिती पुसायची, आणि ते कोणी करायचं हेही नावानिशी ठरवायचं.

प्रतिक्रियांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बंद ठेवा. किशोरवयीन मुलांचा यावर आक्षेप असतो, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं. पण प्रतिक्रियांची सोय म्हणजे परक्या माणसाला मुलाशी थेट बोलायची सोय. ती रोज, परीक्षेच्या आणि गणपतीच्या दिवसांतही, दोन जबाबदार माणसं तपासणार असतील तरच चालू करा, आणि तेव्हाही तपासल्याशिवाय एकही प्रतिक्रिया दिसणार नाही अशी. बहुतेक गटांना ते महिनाभर जमतं, नंतर थकतं. त्यापेक्षा संपर्काची एक चौकट ठेवा. तिच्यातला संदेश गटाच्या सामाईक ईमेलवर जाईल आणि तो दोघं वाचतील. आवडलेल्या प्रतिक्रिया निवडून मुलांना रविवारी मैदानावर वाचून दाखवा.

यातूनच एक अवघड भाग निघतो, आणि त्याबद्दल बैठकीत बोलायला सगळेच कचरतात. धोरणाचा निम्मा भाग आपल्या स्वतःवर, म्हणजे दादा-ताईंवर बंधनं घालणारा असला पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत पॉक्सोखालच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याखालच्या) बलात्काराच्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे निघतात. "आपल्या गटात असं कोणी नाही" हे वाक्य प्रत्येक गटात म्हटलं जातं. म्हणून नियम संशयावर नको, सगळ्यांना सारखा हवा. कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाशी एकट्याने खासगी संदेशांत बोलणार नाही. मुलाला निरोप द्यायचा तर तो पालक किंवा दुसरा दादा-ताई असलेल्या ग्रुपवर. इन्स्टाग्रामवर मुलाने पाठवलेली रिक्वेस्ट दादाने स्वतःच्या खात्यावर घ्यायची नाही. जगभरच्या स्काउट संघटनांमध्ये "सेफ फ्रॉम हार्म" या नावाखाली मुलांच्या सुरक्षिततेची जी चौकट आहे, तिच्यातही प्रौढांच्या वागण्याचे नियम येतात. हा नियम चांगल्या दादा-ताईंचंही रक्षण करतो, कारण खोट्या संशयाला जागाच राहत नाही. नियम मोडणारा कितीही जुना, कितीही लाडका कार्यकर्ता असला तरी त्याला विचारलं जाईल, हेही लिहा.

मजकूर तपासायला दोन माणसं हवीत, एक लिहिणारा आणि एक प्रसिद्ध करणारा. मुलांचं लिखाण तपासताना भाषा फार सुधारू नका. नववीतल्या मुलाने "लय भारी वाटलं" लिहिलं असेल तर ते तसंच राहू द्या. तपासायचं ते वेगळंच: कोणाच्या जाडपणावर, बोलण्यावर, जातीवर, गरिबीवर विनोद आहे का, मित्राची फजिती त्याला न विचारता सांगितली आहे का, घरातल्या भांडणाचा, आजारपणाचा उल्लेख सहज येऊन गेला आहे का. मुलं फार मोकळेपणाने लिहितात. असा उल्लेख दिसला तर तो गुपचूप कापू नका. त्या मुलाशी बोला, काय आणि का काढतोय ते सांगा. कधी कधी त्या ओळीत मदतीची हाक असते, आणि ती फक्त मजकूर तपासणाऱ्याच्याच नजरेला पडलेली असते.

देणगीदारांच्या फ्लेक्सवर आणि पक्षांच्या बॅनरवर मुलांचे फोटो जाणार नाहीत, हा नियम आधीच लिहून ठेवा. आयत्या वेळी स्थानिक नेत्याला नाही म्हणणं कठीण जातं, कागद दाखवणं सोपं असतं. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना प्रचारात मुलांचा वापर करू नका असं बजावलं होतं, तेही सांगता येईल.

काही घडलंच तर काय करायचं, हे एका पानावर वेगळं लिहा आणि प्रत्येक दादा-ताईच्या मोबाइलवर ठेवा. समजा, साइटवरच्या फोटोवरून कोणीतरी एआय वापरून मुलीचं अश्लील चित्र बनवलं आणि ते फिरतंय. पहिली गोष्ट: ते चित्र "पुरावा म्हणून" पुढे पाठवायचं नाही, समितीच्या ग्रुपवरसुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे मुलांचं असं चित्र पसरवणं हाच गुन्हा आहे. लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहून घ्या. चित्राची प्रत काढू नका. त्याच दिवशी पालकांना प्रत्यक्ष भेटून सांगा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन लक्षात ठेवा. "टेक इट डाउन" नावाची विनामूल्य सेवा आहे. तिच्यात चित्र कुठेही न पाठवता आपल्याच मोबाइलवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो, आणि तिच्यात सामील असलेल्या कंपन्या त्यावरून ते चित्र हुडकून काढून टाकू शकतात. आणि मुलीला पहिल्या वाक्यात सांगा की तिचं काही चुकलेलं नाही. "तू फोटो का काढू दिलास" हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही.

लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तो होण्याची शक्यता वाटली, तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी आपण आतल्या आत चौकशी करू" याला कायद्यात जागा नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवला तर संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. कलम २३ नुसार त्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून गटाच्या साइटवर "झाल्या प्रकाराबद्दल निवेदन" घाईने टाकू नका. गावात, शाळेत एवढ्याशा तपशिलावरून मूल ओळखलं जातं.

जबाबदारी नावावर टाका. बालसुरक्षा समन्वयक नेमा, शक्यतो दोन, एक ताई आणि एक दादा. ते गटप्रमुखाच्या घरातले नसावेत, कारण तक्रार गटप्रमुखाविरुद्धही येऊ शकते. त्यांचा नंबर साइटच्या प्रत्येक पानावर तळाशी द्या. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) संस्थेच्या नावावर घ्या, नूतनीकरणाची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. इंजिनिअरिंगला असलेल्या उत्साही दादाच्या खासगी खात्यावर डोमेन असतं, तो नोकरीसाठी परगावी जातो, नूतनीकरण राहून जातं आणि मुलांच्या गटाच्या जुन्या पत्त्यावर सट्ट्याची साइट उभी राहते. सोडलेली डोमेनं याचसाठी विकत घेतली जातात. कोणी गट सोडला की त्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करायचा. त्याच्यावर राग आहे म्हणून नाही, ती पद्धत आहे म्हणून.

धोरण किती मोठं असावं? मुलांसाठी एक पान, त्यांच्या भाषेत. पालकांसाठी दोन पानं. कार्यकर्त्यांसाठी सविस्तर. मुलांचं पान पंधरा ते सतरा वयाच्या मुलांनाच लिहायला द्या. गटाच्या नावाने इन्स्टाग्रामवर कोणकोणती अनधिकृत खाती चालू आहेत हे त्यांना माहीत असतं, तुम्हाला नसतं. ती खातीही धोरणात घ्या.

नवीन साइटचं काम सुरू करण्याआधी जुनी साफ करा. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत "साइट" हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि पुढे तुमचा पत्ता टाका, जोडीला "पीडीएफ" लिहा. बहुतेक गटांना तिथे कधीतरी लावलेली आणि विसरलेली एखादी यादी सापडते, मुलांची नावं आणि पालकांच्या मोबाइल नंबरांसकट. ती फाइल सर्व्हरवरून काढा, नुसती लिंक काढून भागत नाही. मग गूगलच्या "जुना मजकूर काढा" या सोयीतून शोधातूनही काढून घ्या. नंतर जुन्या फोटोंना लागा, सर्वांत जुन्या वर्षापासून. त्यातली मुलं आता वीस-बावीस वर्षांची झाली असतील. शक्य त्यांना विचारा, ठेवू का काढू. ज्यांच्याशी संपर्क होत नाही त्यांचे काढून टाका.